डावं मागचं चाक आणि माझी चौतीस वर्षं

हायड्रॉलिक म्हणजे काय, हे सानगडीत एकट्या मला कळतं! हे मी माझ्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. जवाहरनगरच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं हायड्रॉलिक प्रेसपासून दहा फुटांवर काढली आहेत. त्यामुळे बटण दाबलं की खाली-वर होणारी ती भलीमोठी सेकंडहँड गाडी भाच्याने, भुपेंद्रने, नागपूरहून आणली, तेव्हा सगळा गाव गाडीकडे बघत होता आणि मी गावाकडे. म्हटलं, विचारा काय विचारायचं ते!

गाडी मिरवायला आणलेली नव्हती. भुपेंद्रची आई, म्हणजे माझी थोरली बहीण केशरबाई, हिचे दोन्ही गुडघे गेलेले. कुठल्याच गाडीची पायरी चढवेना, म्हणून दोन वर्षं बाई गावाबाहेर पडली नव्हती. आणि आता नातीला, उर्वशीला, भंडाऱ्यात मुलगी झाली होती. पहिली पणती! रविवारी बारा वाजता बारसं. बाईने आपल्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं होतं, आणि ते पाळण्यात ती स्वतःच्या हाताने अंथरणार होती.

रविवारी आठला गाडी दारात उभी. भुपेंद्रने बटण दाबलं आणि गाडी म्हशीसारखी सावकाश खाली बसली. बाईने एक पाऊल उचललं की आत! मागे डावीकडे खिडकीशी बसली, दुपटं मांडीवर. खरं सांगतो, मला भरून आलं.

नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात बाईने खिडकीतून हाक मारली.

"टिकाराम, गाडीले काळा दोरा बांध बाप्पा. सारे टकमक पाहून राहिले."

"बांधतो ना बाई! पण दिसंल असा नाही, खालून बांधतो."

मी डाव्या मागच्या चाकाआड हात घातला. आत एक बारीक काडी हाताला लागली, जणू कंपनीने दोऱ्यासाठीच लावलेली! चार वेढे दिले आणि कारखान्यात शिकलेली अस्सल गाठ मारली. तुटेल, पण सुटणार नाही!

भुपेंद्रने गाडी सुरू केली आणि वर घेतली. तीन चाकं जिथे थांबायची तिथे थांबली. डावं मागचं काही थांबेना! आत कुठेतरी 'टक्' झालं आणि तो कोपरा उचलतच गेला. एवढी महागडी गाडी, पण उभी कशी? खांबाजवळचं कुत्रं जसं! बाई घसरत उजव्या दाराशी गेली.

"मामाजी, हे काय होऊन राहिलं?" भुपेंद्रने खाली घ्यायचं बटण दाबलं. तीन कोपरे बसले, चौथा ताठच. त्याने इंजिन बंद केलं आणि नागपूरच्या मिस्त्रीला फोन लावला. "मिस्त्री म्हणते, चाकामागचा फोटो पाठवा."

मला हसू आलं. "फोटो पाहून कोणी ताप मोजते काय? घरात मी असताना नागपूर कायले?"

मी गाडीची नाडी बघितली आणि निदान केलं, पाइपात हवा अडकली! गाडी हलवली की निघणार. शेजारच्या नत्थूसकट सहा जण बोलावले आणि गाडी गदागदा हलवली.

"अरे, पाळण्यात पणतीले घालाचं आहे!" बाई आतून ओरडली. "मले काहून झुलवून राहिले?"

हवा निघाली नाही. मग दुसरं निदान. जे वर जातं ते वजनाने खाली येतंच! नत्थूच्या घरून धानाची तीन पोती आणवली आणि डिकीत टाकली. कोपरा चार बोटं दबला. "पाहा!" मी ओरडलो आणि भुपेंद्रला गाडी सुरू करायला लावली. कुठेतरी 'घूं' आवाज झाला आणि गाडीने पोत्यांसकट कोपरा पुन्हा उचलला!

"दमदार आहे गा!" नत्थू कौतुकाने म्हणाला. पोती काढली, तर कोपरा आणखी वीतभर वर गेला.

साडेनऊ झाले. गाडी अशी तिरकी नेली तर पाइप फुटेल, असं मीच सांगून बसलो होतो. आणि बाईला उतरवायचं तरी कसं? उजवीकडचं दार भिंतीला लागलेलं, डावीकडचं कमरेच्या वर. नत्थू म्हणाला, "चौघं मिळून उचलू."

"मी काय धानाचं पोतं आहो?" बाई कडाडली.

मग भुपेंद्रची बायको हर्षा स्टुलावर चढून खिडकीतून चहा देऊ लागली. आळीतल्या बायकाही एकेक करून स्टुलावर चढून बाईला भेटून गेल्या.

दहाला उर्वशीचा फोन आला. "आजी, बसली का गाडीत?"

"बसली ना बेटा. केव्हाची बसली आहो!"

बाईने फोन ठेवला. दुपट्याची घडी मोडली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाली, "टिकाराम, नसंल जमत तर सांग. भुपेंद्र हे घेऊन मोटरसायकलनं जाईल. पोरीखाली दुपटं तरी पोहोचंल."

मी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "हर्षा, पाठव तो फोटो."

दोन मिनिटांत मिस्त्रीचा फोन, तोही स्पीकरवर, आणि आळीतली सगळी माणसं तिथेच!

"काकाजी, त्या काडीले काळा दोरा कायचा आहे?"

"नजर लागू नये म्हणून..."

"अजी, त्या काडीवरून गाडीले समजते, आपण किती खाली आहो ते! गाडी बसली होती तेव्हा तुम्ही तिले बांधून टाकलं. गाडी बिचारी समजून राहिली, अजून खालीच आहो, म्हणून उठूनच राहिली. दोरा कापा, निसटलेली काडी वाटीत दाबून बसवा. कारखान्यात काय काम होतं जी तुमचं?"

"हजेरी मांडे!" बाईने खिडकीतून उत्तर दिलं. "प्रेसच्या बाजूले टेबल होता त्याचा!"

मी आयुष्यात एवढा वेळ चाकाकडे बघितलं नव्हतं.

भुपेंद्रने गाडी बंद करून खाली लाकडी ओंडके लावले आणि दोरा विळ्याने कापला, कारण गाठ काही सुटली नाही. तेवढं एक काम मी पक्कं केलं होतं! काडी 'टक्' करून बसली, ओंडके काढले, गाडी सुरू झाली आणि तो कोपरा सुस्कारा टाकत खाली आला. आळीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार!

भंडाऱ्यात पोहोचायला सव्वाबारा झाले. उर्वशीने बारसं थांबवलं होतं. गाडी दारात बसली, बाई उतरली, तिने पाळण्यात दुपटं अंथरलं आणि पणतीला त्यावर ठेवलं. पोरगी लगेच झोपली. बाईच्या डोळ्यांना धार लागली, आणि माझ्याही. मी म्हटलं, ऊन फार आहे.

जेवणं झाल्यावर बाईने मला जवळ बोलावलं. "हात दे." कमरेच्या पिशवीतून तिने तोच कापलेला काळा दोरा काढला आणि माझ्या मनगटाला बांधला.

"गाडीले नाही लागत रे नजर," ती म्हणाली, "तुया हुशारीले लागते."

हल्ली गावात कुणाची गाडी बंद पडली आणि मी तरातरा उठलो, की बाई ओट्यावरून विचारते, "टिकाराम, हातात दोरा आहे ना?"

मी मनगट बघतो आणि मुकाट्याने खाली बसतो. बटणसुद्धा दाबावं लागत नाही!