कशासाठी बघताय?

आमच्या घरतभाऊंनी आपल्या डब्यात काय आहे ते कधी कोणाला सांगितलं नाही. सुकटीचा वास माझ्या टेबलापर्यंत यायचा, पण विचारलं की झाकण लावून म्हणायचे, "तुमाला कशाला पायजे?"

पनवेलच्या ज्या हॉस्पिटलात मी बिलं करते, तिथे हे पेशंटचे रिपोर्ट सांभाळतात, कॉम्प्युटरवर. चहावाली मावशी आली तरी स्क्रीनवर नॅपकिन टाकणार. पेन ड्राइव्ह बंद. प्रिंट काढली की त्यावर काढणाऱ्याचं नाव. कोणाचीही फाइल उघडा, आधी प्रश्न: कशासाठी बघताय? कारण लिहा. आम्ही वैतागून 'टाइमपास' लिहायचो, तर हा बाबा फोन करून झापायचा. "मानूस आजारी हाय, त्याची जत्रा नाय."

मोठ्या डॉक्टरांनी मात्र स्वतःपुरता तो प्रश्न काढायला लावला. हॉस्पिटल माझं, मी कोणाला कारण देऊ, म्हणाले. भाऊ अडून बसले, तेव्हा त्यांना नोकरीची आठवण करून दिली. मग काढला.

गेल्या महिन्यात भाऊंचा स्वतःचा रिपोर्ट आला. कॅन्सर. डॉक्टरांनी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला आणि स्टाफच्या ग्रुपवर टाकला, 'आपल्या घरतसाठी प्रार्थना करू या'. केवढं ते मोठं मन! खाली जोडलेल्या हातांची ही रांग लागली. भाऊंना ग्रुपांचाच तिटकारा, ते त्यात नव्हतेच. आमची एक आया त्यांच्याच गावची, करंज्याची. तिनं फोटो गावात पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी भाऊ उशिरा आले. डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत. त्या हातावर स्टेपलर मारावासा वाटला मला, खरं सांगते.

डॉक्टर गेल्यावर मी हळूच विचारलं, वहिनींना कळलं का?

"रविवारी सांगनार होतो," भाऊ म्हणाले. "लेक येनार होती. ती असती आईजवल."

मग त्यांनी स्क्रीनवर नॅपकिन टाकला.

"सकाली बंदरावर मासलीचा लिलाव चालू होता. तिथं कोनीतरी हिला मोबाइल दाखवला. सगल्यांसमोर रडली, ताई. मी नाय पायलं, गावानं पायलं. घरी आली ती तोंड धुवून. आता माज्यासमोर नुसती हसते."