रोटकोगेलचा कोरा उतार

यंदा अग्निशमन दलाच्या कॅलेंडरवर पहिला फोटो आपलाच लागणार, हे व्हिन्झेन्झने जानेवारीतच जाहीर करून टाकलं. तेही जेवणाच्या टेबलावर, सासूबाईंच्या, म्हणजे नोटबुर्गाबाईंच्या, तोंडावर. कारण सलग तीन वर्षं तो मान त्यांनीच पटकावला होता. आणि कशाच्या जोरावर? तर स्वयंपाकघराची खिडकी आणि एक जुनाट कॅमेरा! व्हिन्झेन्झचं गावात चष्म्यांचं दुकान. काच, उजेड, नजर यांतलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा पक्का समज. नोटबुर्गाबाईंच्या चष्म्याचा नंबरसुद्धा त्यानेच काढून दिलेला. तरी दलातले त्याचे सोबती भेटले की आधी सासूबाईंच्या फोटोंचं कौतुक करायचे. ते त्याला फार झोंबायचं.

"फोटो डोंगरावर जाऊन काढायचा असतो, आई," तो म्हणाला. "भांडी विसळता विसळता नाही."

"मग जा की," नोटबुर्गाबाई सूप वाढत म्हणाल्या. "मी कुठे धरून ठेवलंय?"

बेत तसा डोकेबाज होता. रोटकोगेल डोंगराचा गावाकडचा उतार मावळतीला गुलाबी होतो. ताजा बर्फ पडला की कुणी तिथून खाली यायच्या आत, एकही रेघ नसलेला तो उतार शिखरावरून टिपायचा. आपलीही खूण उमटू नये म्हणून चढायचं मागच्या धारेने. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या आणि वर पोचल्यावर सोलून काढायच्या, हे तर इकडे शेंबड्या पोरालाही येतं. प्रश्न होता वजनाचा. आमच्या खोऱ्यात पाठीवरचं ओझं कमी करायला टूथब्रशचा दांडा कापणारे महाभाग आहेत. व्हिन्झेन्झने त्यांच्यावरही कडी केली. मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड न्यायचा म्हणून त्याने निसटलेली स्की जागीच रोखणारे ब्रेक काढून टाकले आणि ती पायाला बांधायची दोरीही घरी ठेवली. हे काही बरोबर दिसत नाही, असं बायको ट्राउडल म्हणाली. तिला त्याने घर्षणावर एक व्याख्यान ऐकवलं.

ताजा बर्फ पडला, आकाश निवळलं, बर्फाचे कडे कोसळण्याचा इशाराही नव्हता. दुकान लवकर बंद करून गडी निघाला. धापा टाकत, पण वेळेत, तो शिखरावरच्या क्रूसापाशी पोचला. खाली उतार इस्त्रीच्या चादरीसारखा पसरला होता आणि उन्हात नुकता पिवळा होत होता. दुसऱ्या कुणी तेवढ्यात पाच-पंचवीस फोटो काढून ठेवले असते. पण व्हिन्झेन्झ पडला कलावंत! गुलाबी रंग चढेपर्यंत बटणाला बोट लावायचं नाही, असं त्याने ठरवलं. तोवर हात रिकामे होते, म्हणून त्याने एका स्कीची पट्टी सोलली आणि ती स्की शेजारी बर्फावर ठेवली.

स्कीने क्षणभर विचार केला आणि ती निघाली.

आधी जरा रेंगाळली, मग जी सुटली ती उताराच्या बरोब्बर मधोमध सरळ रेघ मारत गावाच्या दिशेने. उतार गुलाबी झाला तोही नेमका तेव्हाच. व्हिन्झेन्झ तिच्यामागे झेपावला, ट्रायपॉडमध्ये पाय अडकला आणि कॅमेरा क्रूसाच्या पायथ्याशी तोंडघशी पडला. भिंगाचे दोन तुकडे झाले. आत एकही फोटो नव्हता. त्याला अक्षरशः रडू आलं.

मागच्या धारेने परतायची सोय नव्हती, कारण स्की नसलेला पाय मांडीपर्यंत बर्फात जात होता. अंधार पडायच्या आत घर गाठायचं तर समोरचाच उतार. तो थोडा एका पायावर, थोडा पाठीवर आणि बाकी सगळा बुडावर उतरला. स्की एका गोठ्याच्या भिंतीला टेकून त्याची वाट पाहत होती.

घरी त्याने वर ढग आल्याचं सांगितलं.

"ढग?" नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "इथून तर लख्ख दिसत होतं."

ऑक्टोबरात दलाच्या बैठकीत नावं झाकून फोटो मांडले गेले. एका फोटोपाशी सगळे थबकले. गुलाबी उतार, त्यावर एक सरळ रेघ, आणि तिच्यामागे वरपासून खालपर्यंत धडपडत गेलेली खड्ड्यांची माळ. कुणी म्हणालं हरीण, कुणी म्हणालं लंगडं हरीण. दलप्रमुख लोइस म्हणजे दगडाच्या काळजाचा माणूस, पण त्याचाही आवाज जड झाला. "एक सोडून निघून गेली," तो म्हणाला, "आणि दुसरा अजून तिच्यामागे पडत-झडत चाललाय. संसार म्हणतात तो हाच." सगळ्यांचे हात वर गेले. व्हिन्झेन्झचा सर्वांत आधी गेला, कारण विरोध करायचा तर खुलासा करावा लागला असता.

डिसेंबरात दलाची माणसं गणवेश चढवून घरोघर कॅलेंडर पोचवतात. व्हिन्झेन्झच्या वाट्याला नेमकी आपलीच आळी आली. दर दारात श्नाप्स या कडक दारूचा पेला आणि दर दारात तीच चौकशी, की जनावर कोणतं. तोही इमानाने हरीण, हरीण सांगत गेला. शेवटी स्वतःच्याच घराची बेल वाजवली, तेव्हा दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि कॅलेंडर हातभर लांब धरून बराच वेळ न्याहाळलं.

"हरीण आहे म्हणतात, आई," व्हिन्झेन्झ चाचरत म्हणाला.

"असेल बाई," नोटबुर्गाबाई म्हणाल्या. "पुढच्या हिवाळ्यात फक्त जरा डावीकडून घसरा, जावईबापू. यंदा फारच मधोमध आलात."