नववी 'ब'चा होकार

लोकशाहीचा पाया एकमत आहे, आणि एकमताचा पाया मधल्या सुट्टीच्या आधीचा तास. हे ज्यांना पटत नसेल त्यांनी सातपूरला आमच्या विद्यालयात येऊन नववी 'ब'चा गणिताचा तास बाहेरून ऐकावा. शेवटची पाच मिनिटं उरली की खैरनार सर फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारतात, "समजलं का?" आणि अख्खा वर्ग म्हणतो, "होऽऽ!" हा आवाज शेजारच्या कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा आहे (कारखान्याने अद्याप लेखी तक्रार केलेली नाही).

शिस्त समितीचा सचिव या नात्याने मी या होकाराचा बारकाईने अभ्यास केला आहे. लांब हो हुशार मुलांचा, म्हणजे ज्यांना क्लासमध्ये आधीच शिकवून झालेलं असतं त्यांचा. आखूड हो मागच्या बाकांवरचा. काही जण नुसते ओठ हलवतात. समिती तोही होच धरते. समजणारे दहा टक्के आणि हो म्हणणारे शंभर टक्के, यातल्या फरकालाच आम्ही संस्कार म्हणतो.

जूनमध्ये सुरगाण्याकडून तृप्ती गावित ही मुलगी या वर्गात आली. वडील काळूभाऊ इथल्या एका कारखान्यात नुकतेच लागले होते. मुलगी गुणी, वेण्या नियमानुसार. वर्गातल्या वेदिकाने तिला आपल्या बाकावर घेतलं, दोघी डबा वाटून खाऊ लागल्या. शहरात तृप्तीला तेवढी एकच मैत्रीण होती. अडचण इतकीच की कोणी काही विचारलं तर ही मुलगी खरं उत्तर द्यायची.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं. मायनस तीनचा वर्ग मायनस नऊ, त्यात पाच मिळवले, उत्तर मायनस चार. "समजलं का?" "होऽऽ!" आणि शेवटचा हो विरतो न विरतो तोच आवाज आला, "नाय समजलं, सर."

"अगं, हो म्हण ना! सगळे बघतायत," वेदिकाने तिला कोपराने ढोसलं. पण उशीर झाला होता.

सर वळले (काही विद्यार्थ्यांनी त्यांचा चेहरा प्रथमच पाहिला). त्यांनी गणित पुन्हा करायला घेतलं, मध्येच थांबले, डस्टर फिरवलं आणि निराळं उत्तर लिहिलं. वर्गाने त्यालाही तितकाच मोठा हो दिला. उत्तराशी वर्गाचं काही वैर नव्हतं. मात्र या भानगडीत मधली सुट्टी संपली.

मॉनिटर अमोलने वर्गाची भूमिका मांडली. "हिच्या एका 'नाय'पायी सगळ्यांचा वडापाव गेला. आम्हाला तरी कुठे समजलं होतं? आम्ही बोललो का?" दुसऱ्या दिवशी तृप्तीच्या जागेवर वेदिकाचं दप्तर बसलेलं होतं. तृप्ती शेवटच्या बाकावर गेली आणि भिंतीकडे तोंड करून एकटीच डबा खाऊ लागली. मला फार वाईट वाटलं. समितीला वाटलं नाही, आणि मी समितीच्या मताशी सहमत झालो.

मुलगी कष्टाळू निघाली. आधी तिने ओठ हलवायला घेतले, मग आवाज लावला. दिवाळीपर्यंत वर्गात सर्वांत लांब हो तिचा होता. दप्तर मात्र हललं नाही (नवख्या होकारावर लगेच विश्वास टाकण्याची पद्धत नाही).

मग पालक सभा झाली. मुख्याध्यापिका ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा अबाधित राखण्याच्या दृष्टीने, ज्या विद्यार्थ्यांना वर्गात शंका येतात त्यांना दहावीसाठी शालाबाह्य स्वावलंबनाची संधी देण्यात येत आहे. समजलं का?"

"होऽऽ!" पालक म्हणाले.

पहिली पाळी संपवून कंपनीच्या निळ्या शर्टातच आलेले काळूभाऊ उभे राहिले. "मॅडम, मला नाय समजलं. म्हंजी माझ्या पोरीचं काय होणार?"

सभागृहातल्या सगळ्या माना वळल्या. कोणीतरी "बसा ना राव" म्हणालं. शेजारी बसलेल्या तृप्तीने त्यांची बाही घट्ट ओढली. "बाबा, हो म्हणा ना! सगळे बघतायत."

काळूभाऊ मुलीकडे बघत राहिले. मग "हो," म्हणाले, आणि बसले. (खुलासा: शालाबाह्य स्वावलंबन म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि परीक्षेला बाहेरून बसायचं.)

दुसऱ्या दिवशी वेदिकाने दप्तर उचललं. तृप्ती पुन्हा तिच्या शेजारी बसते, डबा वाटून खाते, खूश आहे. येत्या जूनमध्ये आपल्याला शाळेत जागा नाही, हे तिला अजून समजलेलं नाही. पण आता ती विचारणार नाही.

वाचकांपैकी काहींना नववी 'ब'चा राग आला असेल. यावर सचिवाची एकच नोंद आहे. मायनस तीनचा वर्ग मायनस नऊ, असं मी वर लिहिलं तेव्हा तुमच्याकडून कोणतीही हरकत आली नाही. समितीने तुमचा हो धरला आहे.