शंभर बियर आणि एक नाक

आधीच स्पष्ट करतो, मी पिणारा नाही. मी चाखणारा आहे! पिणारा ग्लास रिकामा करतो, चाखणारा वही भरतो. माझी वही दोनशे पानी आहे आणि तिच्यात दोन वर्षांत चाखलेल्या शंभर निरनिराळ्या बियरची नोंद आहे. आठवड्याला एक, न चुकता. वर बाटलीचं लेबल, खाली तारीख, त्याखाली माझा अभिप्राय. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेली, स्वतःचं लिहायचं राहूनच गेलं होतं. ते सगळं मी या अभिप्रायांत भरून काढलं.

हा खटाटोप कशासाठी, तर एका पितळी पाटीसाठी! छापखान्यामागच्या गल्लीत एक बियर हॉल आहे. त्याच्या मिशाळ मालकानं भिंतीवर एक पाटी ठोकली आहे, तिच्यावर आजवर फक्त चार नावं आहेत. तिसरं आमच्या बाइंडरचं. तो हॉलमध्ये आला की आधी बाहीनं ते नाव पुसतो आणि मगच खुर्चीत बसतो. पाचवं नाव माझं लागणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अट अशी, की आधी शंभर बियर चाखल्याची वही दाखवायची. मग परीक्षा. बारा बियर नंबर लावून समोर येतात. एकेक हुंगायची, चाखायची, लक्षात ठेवायची. मग त्यातल्याच पाच बिननंबरी येतात. पाचही ओळखल्या तर नाव पितळेवर, एक जरी चुकली तर वही उचलून घरी! आणि परीक्षा वर्षातून एकदाच.

आमच्या हिला बियरचं काडीचं कौतुक नाही. पण शंभरावी नोंद झाली त्या दिवशी ती म्हणाली, "तुमचं पोहणं अर्धं, पेटी अर्धी, बाल्कनीचा कठडा अर्धा निळा आणि अर्धा गंजलेला! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुम्ही सुरू केलेलं एक काम पुरं झालेलं मी बघितलं नाही. हे पुरं करा. पाटी बघायला मी स्वतः त्या हॉलमध्ये येईन."

झालं! प्रश्न आता पाटीचा राहिलाच नाही, इज्जतीचा झाला.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि मी नाकाची जपणूक सुरू केली. घरात कांदा-लसूण बंद! फिनेल बंद! हिचं केसांचं तेल बंद! नाक आतून स्वच्छ राहावं म्हणून दिवसातून तीनदा वाफ घ्यायची आणि वाफ घेतली की लगेच खिडकी उघडून छातीभर ताजी हवा ओढायची. ही माझी स्वतःची पद्धत. आठव्या दिवशी सकाळी उठलो आणि नाकपुड्या दोन्ही बाजूंनी बंद! कोणीतरी सिमेंट लिंपून गेल्यासारख्या.

"घामेजल्या तोंडानं गार वाऱ्यात कोण उभं राहतं?" डॉक्टरांनी विचारलं. मी काय सांगणार, तज्ज्ञ उभे राहतात म्हणून?

घरी आल्यावर हिनं माझे डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली काहीतरी धरलं.

"काय आहे ओळखा."

"साबण?"

"तुमचा कालचा मोजा!"

मी मटकन खाली बसलो. वही पुढ्यात घेतली, एकेक पान उलटलं आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं! शंभर बियर! आणि संध्याकाळी सहाला परीक्षा!

"जावईबापू," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "रडताय तर पुरती हकीकत ऐकून रडा. तुमच्या वहीत शंभर नाहीतच. नव्व्याण्णव आहेत."

या आमच्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, तेव्हापासून आमच्याकडेच असतात. त्याआधी तीस वर्षं दूध डेअरीत होत्या. सकाळी दुधाचे कॅन आले की झाकण उघडायचं, हुंगायचं, आणि "पास" किंवा "परत" म्हणायचं, हे त्यांचं काम. पुढे डेअरीत तपासणीचं यंत्र आलं, पण तेसुद्धा म्हणे आईंच्या तोंडाकडे बघून आकडा दाखवायचं! घरातही त्या सगळं हुंगतात. भाजी, औषधं, माझे शर्ट, सकाळचं वर्तमानपत्र. माझ्या रिकाम्या बाटल्या त्याच विसळायच्या आणि रविवारी भंगारवाल्याला द्यायच्या. मला वाटायचं, स्वच्छतेची आवड आहे बाईंना.

"नव्व्याण्णव कसे?"

"सदतीस आणि बावन्न एकच आहे. बाटली बदलली, आतलं तेच."

"अशक्य!" मी पानं उघडली. सदतिसाव्या लेबलावर हरिण होतं आणि खाली माझा अभिप्राय: 'पहाटेच्या कुरणाची हळुवार आठवण.' बावन्नावर जहाज आणि खाली: 'खवळलेल्या सागराचा उद्दाम आवेग.' कुठे कुरण, कुठे सागर! पण आईंनी बोट ठेवलं तिथे मी चष्मा पुसून वाचलं. कारखान्याचा पत्ता एकच. घटक स्वल्पविरामासकट तेच. आणि जहाजाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं, 'नवीन रूप, तीच चव.'

बावीस वर्षं बारीक टाइप तपासून पोट भरणारा मी! ही ओळ माझ्याच वहीत होती!

"तुम्हाला कसं कळलं, आई?"

"बाटल्या कोण धुतं? चौसष्टचं बूच सैल होतं. आणि ती एकोणनव्वद, ती दुकानदारानं उन्हात ठेवलेली. खराब झाली होती. तिला तुम्ही 'वैराग्याची धूसर छटा' लिहिलंय."

म्हणजे वहीसुद्धा वाचली होती! मला लाज वाटायला हवी होती, पण मला भलतंच काहीतरी सुचलं. ज्या बाईला विसळलेल्या बाटलीवरून एवढं कळतं, तिला भरलेल्या ग्लासावरून काय नाही कळणार?

"आई, संध्याकाळी माझ्याबरोबर हॉलमध्ये याल का? थोडी मदत हवी होती."

"येईन की. हुंगायचं मी आणि लिहायचं तुम्ही. डेअरीत आमचं असंच असायचं. एक हुंगणार, एक लिहिणार."

"अगदी तसंच!" मी म्हणालो. घोळ झाला तो इथे. मला वाटलं, गुपचूप करायचं आहे हे त्यांना कळलं. त्यांना वाटलं, सगळीकडे कामाची रीत हीच असते!

सहाला आम्ही हॉलमध्ये हजर झालो. आईंनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि हातात घडी केलेला पांढरा रुमाल होता. मालकानं विचारलं, "आजी, आपण काय घेणार?"

"कोमट पाणी. आणि ती खिडकी उघडा."

"सासूबाई नुसत्या बघायला आल्यात," मी घाईघाईनं सांगितलं. मग नव्व्याण्णवाची गोष्ट निघायच्या आत काउंटरवर एक नवी बियर घेतली आणि शंभरावी नोंद पुरी केली. बंद नाकानं चव काय कळणार? अभिप्राय लिहिला, 'थंड.' आख्ख्या वहीतला तेवढाच एक अभिप्राय खरा निघाला.

बारा ग्लास मांडले गेले. मी प्रत्येक ग्लास उचलायचो, डोळे मिटून मान डोलवायचो आणि मग "आई, रंग बघा काय सुरेख!" म्हणत त्यांच्या नाकाखाली न्यायचो. त्या एकदाच श्वास घ्यायच्या आणि रुमालानं नाक टिपायच्या. मालकाला वाटलं, आजींना वास सोसत नाही. बाइंडर पाटीखाली बसून गालातल्या गालात हसत होता. हसू दे म्हटलं!

मग पहिला बिननंबरी ग्लास आला. मी तो आईंकडे नेला आणि ओठ न हलवता पुटपुटलो, "हळूच सांगा."

तीस वर्षं कॅनच्या खणखणाटात काढलेल्या बाईचा आवाज एकाच पट्टीचा असतो, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं.

"सात नंबर!" आई कडाडल्या. "लिहा!"

बाइंडरची बाही पाटीवरच थांबली. मालक मिशीवरून हात फिरवत पुढे आला.

"हे काय चाललंय?"

"तपासणी," आई म्हणाल्या.

"आजी, परीक्षा यांची आहे!"

"मग? लिहितायत की ते!"

मी खरंच लिहीत होतो. भीतीनं हात आपोआप चालत होता. मालकानं माझ्या कागदाकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. सात बरोबर होतं. आता तो मला गचांडी धरून बाहेर काढणार, असं मला वाटलं. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कुतूहल होतं. त्यानं दुसरा ग्लास स्वतःच्या हातानं थेट आईंपुढे ठेवला.

"तीन," आई म्हणाल्या. "पण पिंपाची नळी कधी धुतली होतीत?"

"रोज धुतो!"

"रोज धुतलेल्या नळीला असा वास येत नाही. आठवडा उलटलाय."

मालक तावातावानं काउंटरमागे गेला. भिंतीवरचा नळ्या धुतल्याचा तक्ता काढून बराच वेळ बघत राहिला. परत आला तेव्हा मिशा खाली झुकल्या होत्या. "नऊ दिवस झाले," तो हळूच म्हणाला.

आता सगळा हॉल आमच्या टेबलाभोवती गोळा झाला. तिसरा ग्लास अकरा! बरोबर! चौथा दोन! बरोबर! पाचवा आईंनी हुंगला, खाली ठेवला, पुन्हा हुंगला. कपाळाला आठी पडली.

"हे तुमच्या बारांत नाही."

"आहे, आजी! मी स्वतः भरलाय!" मालक जिंकल्यासारखा ओरडला.

"निम्मं पाच आहे, निम्मं नऊ."

मालकाचा चेहरा पडला. खरं होतं ते! पाच नंबरचं पिंप अर्ध्या ग्लासातच संपलं होतं आणि यानं वरचा भाग शेजारच्या तोटीनं भरून टाकला होता. कोणाला कळतंय म्हणून!

असा टाळ्यांचा कडकडाट झाला म्हणता! सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. परीक्षा माझी होती हे मी विसरूनच गेलो होतो. काय नाक! काय ती शांत मुद्रा! दोन वर्षं ही बाई माझ्या घरात बाटल्या विसळत होती आणि मी तिला 'आई, चहा ठेवता का' यापलीकडे काही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांचा असा अभिमान वाटला की गळा दाटून आला. सर्दीनं तो आधीच दाटलेला होता, म्हणून कोणाला कळलं नाही.

"आजी, पाटीवर तुमचं नाव घालतो!" मालक म्हणाला.

"चाखणाऱ्यांची पाटी ना ती? मी थेंब चाखलेला नाही. माझं नाव कशाला?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण परीक्षा यांची, म्हणजे काय? हुंगायचं यांनीच होतं?"

मी मान खाली घातली.

"म्हणजे हे चोरून करायचं होतं?"

मान आणखी खाली गेली.

"नाक बंद आहे असं सरळ सांगायला काय झालं होतं?" असं म्हणून त्यांनीच मालकाला सगळं सांगून टाकलं. वाफ, खिडकी, मोजा, काही म्हणता काही वगळलं नाही! बाइंडर हसून हसून खुर्चीवरून घसरला.

मालकानं मात्र हात जोडले. "आजी, यांची परीक्षा पंधरा दिवसांनी पुन्हा घेतो. पण परीक्षक तुम्ही व्हायचं."

"होईन. नळ्या रोज धुणार असाल तर."

पंधरा दिवसांत माझं नाक मोकळं झालं आणि उमेद दुप्पट झाली. परीक्षक घरची! शिवाय ही स्वतः बघायला आली होती. हॉलमध्ये आईंसाठी उंच पाठीची खुर्ची मांडलेली, समोर कोमट पाणी, मालक अदबीनं बाजूला उभा. मी पाचही ग्लास जीव ओतून चाखले, कागद भरला आणि जावयाला सासूकडे जितक्या केविलवाण्या नजरेनं बघता येईल तितक्या नजरेनं आईंकडे बघितलं.

"पाचांत तीन," आई म्हणाल्या. "परत!"

"आई, दोनच तर चुकले! घरचा माणूस आहे मी!"

"घरच्या माणसाचे कॅन मी असे पास केले असते, तर गावाचं पोट बिघडलं असतं. पुढच्या वर्षी या."

मी आधारासाठी हिच्याकडे वळलो. ती पाटीकडे बघतच नव्हती. ओल्या डोळ्यांनी आपल्या आईकडे बघत होती. "आई खुर्चीत किती रुबाबदार दिसते हो!" ती म्हणाली. दिसतच होत्या.

हल्ली आई दर मंगळवारी हॉलच्या नळ्या तपासायला जातात. सोडायला मी जातो. बाइंडरसुद्धा उठून त्यांना खुर्ची देतो. माझी ओळख तिथे 'आजींचे जावई' अशी झाली आहे, आणि खरं सांगू, मला ती आवडते.

पुढच्या वर्षीच्या परीक्षेची तयारीही त्याच करून घेतायत. पहिल्या दिवशी मी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून बसलो आणि विचारलं, "आई, आधी कोणती बियर?"

"बियर?" त्या म्हणाल्या. "ती अजून लांब आहे." आणि माझ्यापुढे पाण्याचे तीन ग्लास ठेवले. एक न्हाणीघरातल्या नळाचं, एक स्वयंपाकघरातलं, एक काल भरून ठेवलेलं.

त्याला आज तीन आठवडे झाले. अजून पाण्यातच नापास होतोय!