शंकूला अकरा फेऱ्या

रविवारी आमचा भुऱ्या कुत्र्यांच्या परीक्षेचं सर्टिफिकेट घेऊनच येणार, असं सरितानं अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. गावठी कुत्र्याच्या जिवावर एवढी मोठी उडी! पण इलाज नव्हता. भुऱ्यानं घरमालक मार्तंडरावांची नवी चप्पल फाडली, तेव्हा ते थंडपणे म्हणाले होते, "रविवारी मी सोता पाह्यले येतो. त्याले शिस्त लागली असन तं राहू द्या. नाई तं त्याची सोय दुसरीकडं करा." त्या दिवसापासून सरिता भुऱ्याच्या शिकवणीमागे लागली.

रॅली ओबीडियन्स हा त्या परीक्षेचा प्रकार ऐकायला सोपा आहे. मैदानात पाट्या लावलेल्या असतात. कुत्र्याला डाव्या हाताला घेऊन चालायचं आणि पाटी सांगेल ते करायचं. तोंडानं हवी तेवढी लाडीगोडी लावा, पण हात लावायचा नाही आणि खाऊ द्यायचा नाही. सरितानं मोबाइलवर बघून पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या, गच्चीवर भुऱ्याला बसायला नि वळायला शिकवलं. प्लॅस्टिकच्या शंकूभोवती एक फेरी मारून पुढे जायचा धडा तेवढा सासूबाईंनी, म्हणजे रुखमाबाईंनी, आपणहून अंगावर घेतला. कसा शिकवणार, हे विचारायचं राहूनच गेलं.

रविवारी सरिता भुऱ्याला घेऊन सदर भागातल्या मैदानावर उतरली. मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोरीपलीकडे सासूबाई, त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून मार्तंडराव. पहिली पाटी, भुऱ्या बसला. दुसरी, वळला. तिसऱ्या, 'हळू चला'च्या पाटीला तो इतका हळू चालला की परीक्षकांनी मान डोलावली. आता शंकू, आणि मग शेवटची रेघ.

भुऱ्यानं शंकूभोवती सुरेख फेरी मारली. सरिता पुढे निघाली. भुऱ्या निघाला नाही. त्यानं दुसरी फेरी धरली, मग तिसरी, मग चौथी. गळ्याचा पट्टा ताणला गेला तशी सरिताही मागून फिरू लागली. "चल रे राजा, पुरे आता," ती कळवळून म्हणाली. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात दोरीपलीकडून सासूबाई ओरडल्या, "अवं, मधात सोडू नको! अजून सात राहिल्या!"

सरिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाई भुऱ्याला रोज सकाळी पिंपळाच्या पारावर नेत होत्या. पिंपळाला अकरा प्रदक्षिणा झाल्या की त्या हात जोडायच्या, आणि मग भुऱ्याला खोबऱ्याचा तुकडा मिळायचा. आता त्या दोरीपलीकडून मोठ्यानं मोजत होत्या आणि भुऱ्या निष्ठेनं फिरत होता. सरिता पळू बघत होती, पट्टा तिला परत ओढत होता. अकरावी फेरी झाली, सासूबाईंनी हात जोडले, आणि भुऱ्या शंकूसमोर बसून परीक्षकांकडे प्रसादासाठी बघू लागला. परीक्षकांनी 'नापास' म्हणून हात हलवला.

संपलं सगळं. सरिता भरल्या डोळ्यांनी बाहेर आली. मार्तंडराव समोरच उभे होते. त्यांनी वाकून भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"राहू द्या हो रुखमाबाई, याले," ते गहिवरून म्हणाले. "लय शिस्तीचा जीव हाये. सुनेले तेवढी थोडी शिस्त लावा. प्रदक्षिणा अर्ध्यात टाकून पळून राहिली होती."