अर्धं दार

भागीबाय घरी आहे की नाही, हे कळायला तिला हाक मारावी लागत नसे. घराला दार नसलं, की बाई गायला गेली आहे असं समजायचं. कारण त्या दारावर बसूनच ती गायची.

थट्टा नाही. लढाईच्या दिवसांत मी कडावच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि तिच्या-माझ्या घरांमध्ये कुडाची एक भिंत तेवढी होती. भागीबाय धवलारीण. लग्नात हळदीपासून पुढचे धवळे गाणाऱ्या बाईला आमच्याकडे धवलारीण म्हणतात. तिला मान मोठा, पण तिचं ऐकतो कोण? कोणी नारळ शोधतंय, कोणी रुसलेल्या व्याह्याला समजावतंय.

"जल्म गेला भिंतीकडं बघून गान्यात," ती म्हणायची. "येकदा तरी मानसं समोर बसली पायजेत."

देवळापुढच्या ओट्यावर पुरुषांचं भजन चाले. तिनं तिथं एक दुपार मागितली. पंच म्हणाले, ओट्यावर बाई बसत नाही. "मंग मी माजा वटा आनते," असं म्हणून ती घरी गेली, बिजागरीतून दार उचकटलं, देवळासमोर चार दगडांवर आडवं टाकलं आणि सूर लावला. माणसं जमली. पुढे दार बैलगाडीत घालून ती कशेळ्याच्या बाजारात जाऊ लागली, कोंडाणे गावापर्यंत जाऊ लागली. रॉकेल मिळत नसे, म्हणून बैठक भरदुपारी.

"अहो, घरात चोर शिरेल," मी म्हटलं.

"शिरू दे. दोन भांडी हायेत. धवला काय उचलून नेतोय?"

दुसरी तऱ्हा याहून वरताण. एवढं थोरलं दार, पण ही बसायची अगदी कडेला, अर्धं अंग बाहेर. गाण्याआधी मोकळ्या जागेकडे बघून म्हणायची, "सरकून बसलेय गं." लोक खो खो हसत. कशेळ्याला एकदा ती खरंच खाली पडली. उठली, लुगडं झटकलं आणि परत कडेलाच बसली. मी तिची पानाची चंची मोकळ्या जागेवर ठेवली, तर माझ्यावरच खेकसली, "उचला ती! ती जागा रिकामी नाय!"

कुणाची जागा, हे मला माझ्याच घरात कळलं. एका रविवारी ती आमच्या उंबऱ्यात येऊन बसली.

"मास्तर, तुमची सुशीला तांदूल निवडताना गाते, ते मी कुडाआडून ऐकते. तिला माज्यासंगं पाठवा. धवला एकटीचा नसतो. एकीनं म्हनायचं, दुसरीनं झेलायचं. माजी जोडीन गेली, तवापासून गान्याच्या दोनी वली मीच म्हनते."

सुशीला, माझी बायको, हातात सूप घेऊन माजघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "मास्तरीणबाई दारावर बसून गायला लागल्या, तर मला शाळेत मास्तर कोण म्हणेल?"

मला वाटलं, विनोद झाला. कोणीच हसलं नाही. भागीबाय "बरं" म्हणाली आणि उठून गेली. सुशीला तांदूळ पाखडत बसली. त्या दिवशी ती गायली नाही.

भागीबाय मात्र शेवटपर्यंत कडेलाच बसली. गेल्या माघात ती वारली. पुतण्यानं दार परत बसवलं. आम्ही दोघं समाचाराला गेलो, तेव्हा ते प्रथमच नीट पाहिलं. एका कडेचं लाकूड बसून बसून गुळगुळीत झालेलं, आणि बाकी दारावर हिरवा रंग जसाच्या तसा. सुशीलानं त्या रंगावर तळहात ठेवला. मी चुकलो, एवढं तरी तेव्हा म्हणायला हवं होतं. तेही जमलं नाही.

सुशीला अजून तांदूळ निवडताना गाते, पण माझं पाऊल वाजलं की थांबते. म्हणून हल्ली शाळेतून आलो, की मी वहाणा हातात घेऊन दाराबाहेरच उभा राहतो. आत ती एक ओळ म्हणते. मग जरा वेळ गप्प राहते, कोणी झेलेल म्हणून. आणि मग दुसरी ओळही स्वतःच म्हणते.