भाजे गावचे नवल

भाजे गावच्या भिमाजीची म्हैस पान्हा चोरू लागली ती त्याच्या बायकोच्या तेराव्यापासून. त्या साली पावसानं दगा दिला होता आणि वर कार्तिकात मानमोडीचा ताप मावळात शिरला. तीन दिवसांत त्यानं कस्तुराला नेलं. मागं राहिली नऊ महिन्यांची अंबू आणि गोठ्यातली चंद्री. अंबूला आई गेल्याचं कळत नव्हतं. चंद्रीला कळलं होतं.

कस्तुराच्या हाताशिवाय तिनं कुणाला धार काढू दिली नव्हती. भिमाजीनं पारडी सोडून पाहिली. पारडी चार घोट प्यायची, कास भरून यायची आणि पारडीला बाजूला ओढून भिमाजी खाली बसला की चंद्री सगळं दूध वर ओढून घ्यायची. शेजारच्या विठामावशीनं एकदा धीर करून हात घातला, तर चंद्रीनं तिला चरवीसकट शेणात बसवलं. मग मावशीच्या शेळीचं पेलाभर दूध अंबूला मिळू लागलं. पण दुष्काळाचं साल. शेळीही आटत चालली होती.

अशा दिवसांत भिमाजीला एकच विरंगुळा होता. माळवली स्टेशनसमोर राजमहंमद शिंप्याचं दुकान होतं. दर मंगळवारी गाडीनं पुण्याचं वर्तमानपत्र यायचं आणि राजमहंमद ते मोठ्यानं वाचायचा. तापाच्या आधी ऐकायला पंधराजण बसत. आता पाचजण उरले होते. राजमहंमदनं अख्ख्या कार्तिकात एक सदरा शिवला नव्हता. नुसतं मयतांसाठी मांजरपाट फाडून देत होता, हिंदूंना आणि आपल्यांनाही. त्यामुळं तो आता पुढची पानं वाचतच नसे. थेट शेवटच्या पानावर जायचा. तिथं ‘देशोदेशींची नवले’ असायची. एकेक नवल वाचून झालं की सगळे भिमाजीकडं बघायचे, कारण त्यावर बोलावं ते भिमाजीनंच. तो स्वतः हसत नसे. त्यामुळं बाकीच्यांना जास्तच हसू यायचं.

“अमेरिकेत,” राजमहंमदनं वाचलं, “एका शेतकऱ्यानं गायीला हिरवा चष्मा लावला. वाळलेलं गवत हिरवं दिसतं, म्हणून ती पोटभर खाते.”

“हितं वाळल्यालंबी न्हाई,” भिमाजी म्हणाला. “चष्माच चारावा लागंल.”

“डेन्मार्क म्हणून देश आहे. तिथं गवळण गाणं म्हणू लागली की गाय दुप्पट दूध देते.”

“गानं थांबावं म्हनून देत आसंल बिचारी.”

दुकान हसलं. भिमाजी मात्र घरी जाताना वाटभर त्या गायीचाच विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो चरवी घेऊन चंद्रीजवळ बसला आणि त्यानं गाणं सुरू केलं. पण गाणं म्हणजे काय, गेले दोन महिने गावात ज्या एका भजनाखेरीज काही कानावर पडलं नव्हतं, तेच तोंडात बसलेलं. मयताला खांदा दिला की म्हणायचं ते. भिमाजीचा आवाज आधीच फाटका. तिसऱ्या ओळीला चंद्रीनं दावं तोडलं आणि ती शेताकडं धावत सुटली.

ते एक वेळ परवडलं असतं. पण भजन गावानं ऐकलं. भिमाजीच्या घरातून पहाटे हे भजन येतंय म्हणजे अंबू गेली, असंच सगळ्यांनी धरलं. विठामावशी ऊर बडवत आली. पाठोपाठ रखमाजी आला. या दोन महिन्यांत त्याला इतका सराव झाला होता, की येतानाच तो काखेत शेणकुटं आणि हातात मडकं घेऊन आला.

“कवा गेली?” त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

“आत्ताच. खालच्या वावराकडं पळाली,” भिमाजी म्हणाला.

रखमाजीच्या हातातलं मडकं खाली पडून फुटलं. तेवढ्यात आतून अंबू भोकाड पसरून रडायला लागली आणि उलगडा झाला. विठामावशीनं भिमाजीला अशा शिव्या दिल्या, की त्यापेक्षा गाणं परवडलं. मग पदरानं डोळे पुसत म्हैस शोधायला तीच गेली.

पुढच्या मंगळवारी भिमाजी दुकानात गप्प बसला होता. राजमहंमदनं दोन-तीन नवलं वाचली, पण ती वायाच गेली. मग तो म्हणाला, “हे ऐक. फ्रान्स देशात एक पुरुष आठ वर्षं बाईचा वेश करून एका सावकाराकडं स्वयंपाकीण म्हणून राहिला. कुणाला पत्ता लागला नाही.”

“सावकार आंदळा व्हता का?”

“आंधळा कशाला? माणूस कपड्याला भुलतं, भिमाजी. मी शिंपी आहे, मला विचार. अंगात कोण आहे ते नंतर. आधी कापड दिसतं.”

बाकीचे उठून गेले तरी भिमाजी बसूनच राहिला. शेवटी त्यानं हळूच विचारलं, “राजभाई, मानूस भुलतं. म्हस भुलंल का?”

राजमहंमदनं सुई थांबवली. तो हसला नाही. “कस्तुराभाभीचं लुगडं ठेवलंयस का?”

“हाय एक. धुतल्यालं न्हाई.”

“मग धुऊ नकोस.”

ते लुगडं ट्रंकेत तळाशी होतं. हिरवं, काठाला ठिगळ लावलेलं. झुंजुमुंजू होताना भिमाजीनं ते बाहेर काढलं आणि बराच वेळ तसंच छातीशी धरून बसला. त्याला शेणाचा, चुलीच्या धुराचा आणि तिचा वास होता. मग त्यानं नेसायला घेतलं. नऊ वार कापड, आणि आजवर कुणीतरी हे रोज नेसतं एवढंच त्याला ठाऊक होतं. पहिल्यांदा ते सुटलं. दुसऱ्यांदा दोन्ही पाय एकाच घोळात गेले आणि तो उंबऱ्यावर आडवा झाला. तेवढ्यात विठामावशी शेळीचं दूध घेऊन आली. अंधूक उजेडात तिला कस्तुराचं लुगडं जमिनीवरून उठताना दिसलं.

“कस्तुरा!” मावशी किंचाळली. “बाई गं, पोरीला नेऊ नगंस!”

“मावशी, म्या हाय, भिमाजी.”

मावशीनं पुढं येऊन त्याच्याकडं पाहिलं. हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं दूध खाली ठेवलं आणि त्याच्या निऱ्या हातात घेतल्या. “सरळ हुबा ऱ्हा, मेल्या. काष्टा आसा घ्यायचा. डोईवर पदर. आन् तोंड गप ठेव. तुजा आवाज आला की तिला कळंल.”

भिमाजी पदर ओढून गोठ्यात गेला. चंद्रीनं मान वळवून लुगडं हुंगलं. एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं. मग तिनं मोठा उसासा टाकला आणि पान्हा सोडला. चरवीत धारांचा आवाज सुरू झाला. चरवी भरत आली, तरी भिमाजीला ती नीट दिसत नव्हती, कारण पदर पुढं आला होता आणि डोळेही भरले होते.

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. अंबूच्या गालावर मांस चढलं. लुगड्याची गोष्ट मावशीला आणि राजमहंमदला सोडून कुणाला ठाऊक नव्हती. मग एका रविवारी पुण्याचे एक वकील भाज्याची लेणी बघायला आले. पहाटेच्या गाडीतून उतरून ते वाट चुकले आणि नेमके भिमाजीच्या गोठ्याशी पोचले. पाठमोरी बाई धार काढत होती.

“बाई, लेण्यांची वाट कुठली?” वकिलांनी अदबीनं विचारलं.

भिमाजी गप्प. बोललं की दूध गेलं. त्यानं कोपरानं डोंगराकडं खूण केली.

“नाही, वाट डावीकडून की उजवीकडून?”

पुन्हा कोपर.

“माफ करा, पण थोडं ताजं दूध मिळेल का? आम्ही पुण्याहून आलोय हो.”

भिमाजीनं मान जोरात हलवली. पदर घसरला. वकील भलतेच सभ्य होते. त्यांनी तो सावरून द्यायचं मनातही आणलं नाही, पण त्यांची नजर गेली. पदराखाली मुंडासं होतं. मुंडाशाखाली भरघोस मिशी होती आणि मिशीवरचे दोन डोळे त्यांच्याकडं रागानं बघत होते. वकील छत्री तिथंच टाकून जे निघाले, ते लेणी न बघताच स्टेशनवर पोचले.

पुढच्या मंगळवारी वर्तमानपत्र आलं. त्या दिवशी दुकानात दहाजण होते. भिमाजीही रंगात होता. पोर धष्टपुष्ट होऊ लागली होती ना! राजमहंमदनं शेवटचं पान उघडलं.

“मावळातील नवल,” त्यानं वाचलं. “अरे वा, आपलंच की! भाजे गावी एक मिशाळ शेतकरी पत्नीचं लुगडं नेसून, बांगड्या भरून, कपाळी कुंकू लावून रोज म्हशीची पूजा करतो...” त्याचा आवाज हळू होत गेला. “...पूजा करतो व मगच ती दूध देते. पर... परस्थास पाहताच तो अंगावर धावून येतो.”

हास्याचा स्फोट झाला. लोकांनी गुडघे बडवले. मग सवयीनं सगळे भिमाजीकडं वळले.

“बोल की भिमाजी!” रखमाजी डोळे पुसत म्हणाला. “आपल्याच गावात आसला कोन येडा?”

भिमाजीनं पायताणं पायांत सरकवली आणि तो उठून गेला. तो गेल्यावर एकेकाचं हसणं थांबलं. सगळ्यात शेवटी रखमाजीचं थांबलं.

पण बातमी थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून पहाटे कुंपणापाशी माणसं जमू लागली. औंढ्याहून आली, खंडाळ्याच्या बंगल्यांवरचे नोकर आले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. भिमाजीनं लुगडं घडी करून ट्रंकेत टाकलं. त्या दिवसापासून चंद्री पुन्हा पान्हा चोरू लागली. तिसऱ्या दिवशी मावशीची शेळी साफ आटली आणि अंबू रडून रडून निळी पडली. भिमाजीनं ठरवलं, म्हैस बाजारात न्यायची. येतील त्या पैशांत दुभती शेळी घ्यायची. शेळीला कुणाची आठवण येत नाही.

बाजाराच्या दिवशी तो चंद्रीचं दावं सोडत होता, तेव्हा एक अनोळखी माणूस अंगणात आला. अंगानं मोठा, धुळीनं भरलेला, काखेत गाठोडं.

“लुगडं नेसत्यात त्ये तुमीच का?”

भिमाजीनं कोपऱ्यातली काठी उचलली. “व्हय, म्याच. बगायला आलास? बग. आन् मग तुजीबी बातमी छापून येऊ दे.”

माणूस हलला नाही. त्यानं खाली बसून गाठोडं सोडलं. आत एक जांभळं लुगडं होतं, नीट घडी घातलेलं.

“म्या महिपती. लय लांबनं आलोय, परवा निगालो,” तो म्हणाला. “टेसनावर कुनी वाचून दाकवलं. लोक हासत व्हते. म्या इचारलं, त्यो राहतो कुटं? मला ह्ये नेसाया शिकवा. घरात बाईमानूस ऱ्हायलं न्हाई, आन् भनीला इचाराया लाज वाटती.”

भिमाजीची काठी खाली आली. “म्हस कदी व्यायली तुजी?”

“म्हस न्हाई माज्याकडं.” महिपतीनं लुगड्यावरून हात फिरवला. “दीड वर्साचं पोरगं हाय. आई गेल्यापासनं कुनाच्या हातचा घास घेत न्हाई. भनीकडं ठिवून आलोय. लय वाळलंय.”

भिमाजीनं चंद्रीला पुन्हा खुंट्याला बांधलं. मग ट्रंकेतून हिरवं लुगडं आणलं आणि भर उन्हात, कुंपणापाशी चार माणसं उभी असताना, ते नेसून दाखवलं. एकदा झरझर, मग सावकाश. महिपती त्याच्या समोर उभा राहून जांभळं नेसत होता. दोनदा चुकला. विठामावशी आली, निऱ्या कुठं खोचायच्या ते सांगू लागली. कुंपणावरचा कुणीतरी फिस्सकन हसला, तर रखमाजीनं त्याला कोपरानं ढोसलं.

तिसऱ्यांदा काष्टा बसला. महिपतीनं डोईवर पदर घेतला आणि खाली बघून विचारलं, “दिसतं का तिच्यावानी?”

“म्या तिला बगितली न्हाई,” भिमाजी म्हणाला.

“आन् मिशी? काडाया लागंल का?”

भिमाजी विचारात पडला. “धार काडताना म्हस पाटमोरी आसती. तिचं भागतंय. पोरगं तोंडाकडं बगतंय.”

“मंग काडा.”

माळवलीचा न्हावी मानमोडीत गेला होता. महिपतीनं जोत्यावर बसकण मारली, पदर मागं सारला आणि हनुवटी वर करून डोळे मिटले. भिमाजी वाटीत पाणी आणायला आत गेला.